भोंगा आणि तवा

आमच्या घरात भिंतीवर घड्याळ कधी लागलं नाही. गरजच नव्हती. कंपनीचा भोंगा वाजवायचं काम माझ्या वडिलांकडे होतं आणि अख्खं वाघोली त्या भोंग्यावर चालायचं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते बॉयलर-घरात होते. सकाळच्या पाळीआधी पहिला भोंगा व्हायचा, तो आखूड, नुसता दम भरल्यासारखा; आणि बरोब्बर सातला दुसरा, लांबलचक, पार नगर रस्त्यापलीकडच्या ज्वारीच्या रानांपर्यंत जाणारा. पहिल्या भोंग्याला बायका चहाचं आधण ठेवायच्या, दुसऱ्याला पोरांच्या अंगावरची वाकळ ओढायच्या. ज्यांचा कंपनीशी काडीचा संबंध नव्हता तेसुद्धा म्हशीची धार काढायला त्याच भोंग्यानं बसायचे. दादा बोलायचे कमी. बोलायची त्यांना गरज काय, रोज सगळ्या गावाला हाक मारत होते की.

दादा गावाला उठवायचे आणि आई गावाला जेवू घालायची. आमच्या ओसरीतच तिची खानावळ होती. गिऱ्हाइकं सगळी कंपनीतली. निम्मी गावची आणि आसपासच्या वाड्यांमधली, निम्मी विदर्भातून पोटासाठी आलेली. ही सगळी माणसं आईला काकू म्हणायची. चुलीवर जो तवा होता तो बाजारातला नव्हता. बॉयलरचा पत्रा बदलला तेव्हा उरलेल्या तुकड्यातून एका फिटरनं तो कापून, ठोकून आईला करून दिला होता. चांगला जाडजूड, वर धरायला कान आणि कानाला भोक. आईची भाकरी थापायची लय मला अजून झोपेत ऐकू येते. परातीत थापट्या पडायच्या, मग क्षणभर शांतता, मग भाकरी तव्यावर पडल्याचा चर्र आवाज. सोबत वांग्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी, कांदा, ठेचा. नामदेव म्हणून यवतमाळकडचा एक कामगार होता. तो ठेचा खाऊन डोळ्यांतून पाणी काढायचा आणि म्हणायचा, "काकू, इतका तिखट काहून करता जी? घरची आठवन येऊन रडलो असं कोनाला वाटन ना!"

मग एका सकाळी भोंगा झाला नाही. दरवाज्यावर टाळेबंदीची नोटीस लागली होती. दादा गेटपर्यंत जाऊन परत आले, डबा ओट्यावर ठेवला आणि शेजारी बसले. त्यानंतर ते रोज सातच्या आत आंघोळ करून, खाकी शर्ट घालून त्याच ओट्यावर बसायचे आणि कंपनीच्या चिमणीकडे बघत राहायचे. गाव मात्र बिघडलं. मुलं शाळेत उशिरा पोचू लागली, चहा दहा वाजेपर्यंत होत राहिला, माणसं आंघोळीसुद्धा दुपारी करायला लागली. वेळ नावाची गोष्टच गावातून निघून गेली. ताटातला बदल तर मला रोज दिसायचा. आधी वांगं गेलं, मग आमटीतले शेंगदाणे गेले, मग आमटीला आमटी म्हणणं हा नुसता शिष्टाचार उरला. आईनं खानावळ मात्र बंद केली नाही. बायका आपल्या घरचं पीठ आणून द्यायच्या आणि आई सगळ्यांच्या पिठाच्या भाकऱ्या एकाच तव्यावर टाकायची.

जुन्या पक्षांचे पुढारी येऊन गेले. प्रत्येकानं ओसरीत बसून पिठलं-भाकरी खाल्ली, "काकूंच्या हाताला चव आहे" असं सांगितलं आणि जीपमध्ये बसून धुरळा उडवत पुण्याकडे निघून गेला. शेवटी एक दिवस दत्तामामा ताटावरून न उठताच बोलले. दत्तामामा आईचे चुलतभाऊ आणि कामगार युनियनचे सेक्रेटरी. त्यांना बोलायला माईक लागत नसे.

"आपली जमीन कंपनीला गेली, आपली माणसं कंपनीला गेली, आपलं पाणी पुण्याला जाणार. आन् आपल्यासाठी कोन हाय? तर कोनबी न्हाई! मग आपणच पक्ष काढू की."

"पक्ष?" आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "त्यो काय लोणच्याची बरणी हाय का, काढली फडताळातनं?"

पण काढला. त्याचं नाव ठेवलं पूर्व हवेली कष्टकरी पक्ष, कारण आमचा तालुका हवेली आणि आम्ही त्याच्या पूर्वेचे. माझी सून आयटीत आहे. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आई, यू मीन, पार्टी तुमच्या किचनमध्ये लाँच झाली? सो कूल!" कूल कसलं, चुलीच्या धगीनं सगळे घामाघूम झाले होते. पण तो दिवस आठवला की आजही माझी मान ताठ होते. उपाशी माणसं दोनच गोष्टी करू शकतात, एक तर भांडतात नाहीतर एकत्र येतात. आमच्या ओसरीत ती एकत्र आली.

पुढं आली पंचायत समितीची निवडणूक. मामा उभे राहणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, तेवढ्यात आमच्या भागाची जागा बायकांसाठी राखीव झाली. असं राखीव होणं तेव्हा नवीन होतं. मामींना विचारलं तर त्या माळ्यावर जाऊन बसल्या. मग सगळ्यांच्या नजरा चुलीकडे वळल्या. आईनं हात धुतले, पदराला पुसले आणि दादांकडे बघितलं. टाळेबंदीपासून धड वाक्य न बोललेले दादा म्हणाले, "उभी राहा." आई उभी राहिली. मामांनी मला एकट्याला गाठून सांगितलं की ही एक जागा गेली तर पक्षाचं दुकान बंद. विदर्भातली माणसं बिऱ्हाड बांधून गावी जाणार, इथले पुढाऱ्यांच्या दारात हांजी हांजी करायला जाणार, आणि कंपनी उघडा म्हणणारा कोणी उरणार नाही. मी तेव्हा रोज बसनं पुण्याला कॉलेजला जायची. मला परीक्षेचीसुद्धा एवढी भीती वाटली नव्हती.

आमच्या विरोधात बापूसाहेबांची सून होती. बापूसाहेब म्हणजे गावातले मोठे जमीनदार, आणि पिढ्यान् पिढ्या ज्या पक्षाची सत्ता त्या पक्षाचे. सून बिचारी प्रचाराला फिरलीच नाही, बापूसाहेबच फिरायचे.

आता आमच्या माणसांनी केलेली चूक सांगते. ती फक्त कंपनीतल्या माणसांनाच सुचू शकते. कंपनीत रिवाज असा, की भोंग्याच्या आत जो पहिला आला त्याला हवं ते मिळायचं, म्हणजे चांगलं कपाट, चांगलं हत्यार, पंख्याखालची जागा. नव्या पक्षाला स्वतःचं चिन्ह नसतं, यादीतल्या मोकळ्या चिन्हांमधून मागावं लागतं. आमच्या लोकांना हवी होती शिट्टी. भोंग्याची धाकटी बहीण. म्हणून मामा आणि मंडळी अर्ज भरायला तहसील कचेरीचं दार उघडायच्या आधी जाऊन उभी राहिली. पहिला अर्ज आईचा, त्यात पहिली मागणी शिट्टी. झालं! पहिले आलो म्हणजे शिट्टी आपलीच, याबद्दल कुणाच्या मनात तिळमात्र शंका उरली नाही. चिन्हवाटपाची वाट न बघता आम्ही गावच्या भिंती रंगवायला घेतल्या. चित्रकला माझी चांगली होती, म्हणून ब्रश माझ्या हातात. वाघोलीपासून पलीकडच्या वाड्यांपर्यंत मी लाल शिट्ट्या काढत सुटले. गावातलं प्रत्येक पोर दिवसभर शिट्टी फुंकत फिरायचं, म्हशीसुद्धा बिथरल्या.

पत्रकं छापायला नारायण पेठेत दामल्यांच्या छापखान्यात गेले. दामले माझ्या मैत्रिणीचे वडील. दाराशी पाटी, "घाई असल्यास दुसरीकडे जावे." त्यांनी मजकूर वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "हल्ली बरं झालंय. कंपनी बंद पडली की लोक पक्ष काढतात. पूर्वी पानाची टपरी काढायचे." पत्रकं मात्र त्यांनी सुंदर छापली, हे कबूल करायला हवं.

चिन्हवाटपाच्या दिवशी अधिकाऱ्यांनी आईचं नाव वाचलं, शिट्टी म्हटलं, आणि पुढं म्हणाले, "याच चिन्हाची मागणी आणखी एका अपक्ष उमेदवार बाईंची आहे. चिठ्ठी टाकावी लागेल." त्या बाई बापूसाहेबांच्या वाटेकरणीच्या जाऊबाई होत्या, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मामा उसळले. "साहेब, आम्ही पहिले आलो होतो! दार उघडायच्या आधी!"

"ही काय रेशनची रांग आहे का?" अधिकारी थंडपणे म्हणाले. "नियम वाचला होतात आपण?"

युनियनच्या सेक्रेटरींनी, सगळ्या गावाला नियम शिकवणाऱ्या मामांनी, तो वाचला नव्हता. चिठ्ठी निघाली, शिट्टी गेली. म्हणजे मी रंगवलेली प्रत्येक भिंत आता दुसऱ्याच बाईचा प्रचार करत होती. अधिकाऱ्यांनी उरलेल्या चिन्हांची यादी पुढं केली. मामा हळूच म्हणाले, "पतंग घे, पतंग बरा दिसतो." आईला वाचता येत होतं, पण वेळ लागायचा. ती बोट ठेवत ठेवत खाली आली आणि एका ओळीवर थांबली.

"तवा," ती म्हणाली.

"अगं, हसतील लोक!"

"हसू द्या. पतंग माझ्या बापजन्मात मी उडवला न्हाई. तवा मला येतो."

परतीच्या बसमध्ये मामा खिडकीबाहेर बघत बसले होते. मी भिंतींचा विचार करत होते. एवढा लाल रंग पुसायचा कशानं आणि नवीन रंग आणायचा कुठून? दुसऱ्या दिवशी दामल्यांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "शिट्टीची उरलेली पत्रकं घेऊन जा, मला ती वाजवता येत नाहीत," असं म्हणाले आणि मग जरा थांबून पुढं बोलले, "तव्याच्या चित्राला वेगळा ब्लॉक बनवायला कशाला हवा? काळा गोल छापतो. वर एक कान." मी त्यांच्याकडे बघतच राहिले. काळा गोल! मी धावत बस पकडली. घरी येऊन चुलीच्या धुराड्यातली काजळी खरवडली, त्यात डिंकाचं पाणी घातलं आणि पहिल्याच भिंतीवरच्या लाल शिट्टीवर भला मोठा काळा गोल फासला. शिट्टी गडप! वर कान काढला, तवा तयार. गावातल्या प्रत्येक घरात काजळी होतीच. बायांनी आपापली धुराडी खरवडून डबे भरून दिले. नामदेव शिडी धरायचा आणि मी फासायची. संध्याकाळी दोघंही असे दिसत होतो की आमच्याच कुत्र्यानं आम्हाला भुंकून हाकललं.

पण बापूसाहेब कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी गावभर पुडी सोडली, की काळा तवा दारात काढणं हे अवलक्षण आहे, ज्या भिंतीवर काढाल त्या घरात दारिद्र्य येईल. हे आमच्याकडे सगळे मानायचे. तवा चुलीवर पालथा ठेवायचा नाही, रिकामा वाजवायचा तर नाहीच नाही, लक्ष्मी निघून जाते. ज्या बायांनी काजळी दिली होती त्यांच्यातल्याच काही जणी कुजबुजू लागल्या. एकीनं रात्रीत आपल्या भिंतीवर शेण फिरवलं. आईसुद्धा मनातून चरकली होती. तिनं आयुष्यात कधी रिकामा तवा खडखडू दिला नव्हता. मतदान आठवड्यावर आलं होतं आणि मला पहिल्यांदा वाटलं, हरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होते. दादा नेहमीसारखे आंघोळ करून, खाकी शर्ट घालून बाहेर आले. ओट्यावर बसले नाहीत. चुलीजवळ गेले, तवा उचलला, कानातल्या भोकात तार ओवली आणि दारातल्या कडुनिंबाच्या फांदीला टांगला. हातात उलथनं घेतलं. आई पीठ मळत होती, ती तशीच पिठाच्या हातांनी धावत आली.

"अहो, काय करताय? रिकामा हाय तो!"

दादांनी चिमणीकडे बघितलं, उन्हाकडे बघितलं. मग पहिला भोंगा दिला. आखूड, दम भरल्यासारखा. मी मोरीतच थिजले. तो बॉयलरचा पत्रा होता, असा तसा तवा नव्हता. त्याचा नाद गावाबाहेरच्या वळणापर्यंत गेला. मग त्यांनी बराच वेळ काहीच केलं नाही, फक्त उभे राहिले, आणि सात वाजता दुसरा दिला. हात न थांबवता, लांबलचक, दम संपेपर्यंत. घड्याळ नव्हतं, पण सातच वाजले होते, हे मी शपथेवर सांगेन.

दारं उघडली. पायांना सवय होती हो! माणसं नळावरून, अंथरुणातून, गोठ्यातून बाहेर आली. काही जणांच्या हातात तर डबा होता, काय करतोय हे कळायच्या आतच उचललेला. सगळी आमच्या कडुनिंबाखाली जमली आणि जमल्यावर एकमेकांकडे बघू लागली. नामदेवच्या डोळ्यांत ठेचा न खाताच पाणी होतं. गर्दीतून एक म्हातारी पुढं आली आणि आईला म्हणाली, "अगं कुसुम, रिकामा तवा वाजवतेस? दळिद्र येईल की घरात."

आईचे हात अजून पिठाचे होते. ती दादांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि असा आवाज काढला की मामांनीही तोंडात बोटं घातली. "आत्या, कंपनी बंद पडली त्या दिवशी कुणी तवा वाजवला होता? कुणीच न्हाई. तवे गप होते, आपण बी गप होतो. तरी दळिद्र आलंच ना? न वाजवता आलं! मग आता वाजवून बघू. गेलं तर जाईल!"

मग म्हातारी हसली. दात एकही नव्हता, पण काय हसली! तिनं दादांच्या हातातलं उलथनं घेतलं आणि तव्यावर एक हाणलं. त्यानंतर प्रचार आम्ही केलाच नाही, गावानं केला. रोज सकाळी दादा पहिला भोंगा द्यायचे आणि दुसऱ्याला घराघरांतून तवे उत्तर द्यायचे. वाडीवरचे ऐकून त्यांच्या पलीकडची वाडी वाजवायची. चहा पुन्हा वेळेवर होऊ लागला, पोरं पुन्हा वेळेवर शाळेत जाऊ लागली. भिंतीवर शेण फिरवणारी बाई स्वतः काजळी घेऊन आली आणि म्हणाली, "माझा जरा मोठा काढ." तिच्या दारात मी जन्मातला सगळ्यात मोठा तवा काढला.

बापूसाहेबांनी तक्रार केली. तेच अधिकारी जीपमधून आले. "प्रचाराच्या नावाखाली गोंगाट चाललाय म्हणे."

"न्हाई वो साहेब," आई चुलीपाशी बसूनच म्हणाली. "स्वयंपाक चाललाय. भाकरी करायची तर तवा वाजणारच. बसा, गरम हाय." अधिकाऱ्यांनी वासाच्या दिशेनं एकदा बघितलं. मग म्हणाले, "आपण उमेदवार आहात. आपल्याकडे मी पाणीसुद्धा पिऊ शकत नाही," आणि एखाद्या उपाशी माणसानं उसासा टाकावा तसा टाकून जीपमध्ये बसले. तक्रारीचं पुढं काही झालं नाही.

मतमोजणीला आई, मामा आणि मी पुण्यात गेलो. दादा आले नाहीत. "सातला कोण वाजवणार?" एवढंच म्हणाले. तेव्हा कागदी मतपत्रिका असायच्या. त्या टेबलावर उलगडल्या जात होत्या आणि मला लांबून फक्त शिक्के दिसत होते. हळूहळू आमचा गठ्ठा वाढू लागला. मामांनी बिड्या ओढायच्या थांबवल्या. दुपार कलली तसे बापूसाहेबांचे प्रतिनिधी एकेक करून चहाला गेले आणि परत आलेच नाहीत. निकाल वाचला गेला तेव्हा आईला तो ऐकू आला नाही, कारण मी ओरडत होते. मग तिला कळलं. ती रडली नाही, हसली नाही. पदर सारखा केला आणि म्हणाली, "पिठाला उशीर होईल, चला." आम्ही जिंकलो होतो! खानावळवाली बाई, काजळीनं रंगवलेल्या भिंती, आणि आम्ही जिंकलो होतो.

पुढं त्याच तव्यावर पूर्वेच्या पट्ट्यात आमची आणखी माणसं निवडून आली. कंपनीचा दरवाजाही उघडला, जुन्या मालकानं नाही, नव्यानं उघडला, पण उघडला आणि आमच्याच माणसांना घेऊन उघडला. दामल्यांनी आईला पोस्टकार्ड पाठवलं होतं. त्यात एकच ओळ होती, "टपरीपेक्षा पक्ष बरा चालला." आज तिथं उंच उंच सोसायट्या आहेत, पाणी टँकरनं येतं आणि लोक फोनवरच्या ग्रुपात भांडतात. मी सकाळी फिरायला जाते तेव्हा एका जुन्या गोदामाच्या भिंतीवर तो काळा गोल अजून आहे. काजळी आणि डिंक. कुठल्याही महागड्या रंगापेक्षा टिकला.

पण मला त्या दिवसाची संध्याकाळ सांगायची आहे. आमचा टेम्पो वळणावर आला, तोवर गावातल्या फोनवर बातमी पोचली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या हातात आपला तवा होता, पण एकही वाजत नव्हता. सगळ्या कुणाची तरी वाट बघत होत्या. आई टेम्पोतून उतरली आणि थेट कडुनिंबाखाली गेली. दादा तिथं उभे होते, खाकी शर्टात. उभ्या आयुष्यात त्यांनी एकही भोंगा अवेळी दिला नव्हता, मालक आला तरी नाही, मंत्री आला तरी नाही. त्यांनी उलथनं उचललं.

आई म्हणाली, "अहो, सात कुठं वाजलेत अजून?"

दादा हसले. टाळेबंदीनंतर पहिल्यांदाच हसले.

"वाजले," ते म्हणाले. "आपली पाळी आत्ता सुरू झाली." आणि त्यांनी तवा वाजवला.